रक्ताची चाचणी करा, पण पाठीतून पाणी काढणे टाळू नका

बुरशीमुळे होणारा मेंदूज्वर आता रक्ताच्या एका थेंबात कळतो, पाठीतून पाणी (म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव, सुईने) काढले की कायमचा लकवा होतो, म्हणून ते काढू देऊ नका, आणि रक्त निगेटिव्ह आले तर निर्धास्त राहा, असा मजकूर सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आहे. तो वाचून माझ्या आतेभावाने, डोके असह्य ठणकत असतानाही, संमतिपत्रावर सही करायला नकार दिला. म्हणून हे लिहिणे भाग आहे.

सर्वांत घातक विधान लकव्याचे. प्रौढ माणसाचा मज्जारज्जू साधारणतः कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांमधल्या फटीत घालतात. नंतर काही दिवस डोके दुखू शकते, हे खरे. मेंदूत गाठीची शंका किंवा रक्त गोठण्यात दोष असेल तर डॉक्टर आधी स्कॅन करतात किंवा पाणी काढणे लांबणीवर टाकतात, हेही खरे. मात्र क्रिप्टोकॉकस या बुरशीच्या मेंदूज्वरात पाणी काढणे हा तपासच नव्हे, उपचारही आहे. मेंदूभोवतीच्या पाण्याचा दाब इतका चढतो की दृष्टी जाऊ शकते, जीवही जाऊ शकतो. तो पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत मोजतात; २५ सेंटिमीटरच्या वर असेल तर २० च्या खाली किंवा निम्म्यावर येईपर्यंत पाणी काढतात, गरज पडल्यास रोज. रक्त तपासून हा दाब मोजताही येत नाही आणि उतरवताही येत नाही.

थेंबाची गोष्ट मात्र अगदीच खोटी नाही, एवढे मान्य करावे लागते. क्रिप्टोकॉकसचे अँटिजेन, म्हणजे त्या बुरशीचा अंश, शोधणारी पट्टी दहा-पंधरा मिनिटांत निकाल देते आणि लक्षणे दिसण्याच्या कित्येक आठवडे आधीही पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणूनच सीडी४ पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) रक्ताच्या दर घन मिलिमीटरमागे १०० च्या खाली गेलेल्या एचआयव्हीबाधितांची ही चाचणी करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण त्याच संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, एचआयव्हीबाधितांमध्ये या मेंदूज्वराची शंका असेल तर तातडीने पाणी काढून दाब मोजणे आणि त्या पाण्यातले अँटिजेन तपासणे, हाच पहिला मार्ग आहे. पाणी काढणे शक्य नसेल तिथे रक्तावर भिस्त ठेवावी. रक्त पॉझिटिव्ह आले आणि आजार मेंदूपर्यंत पोचला आहे की नाही हे पाहिलेच नाही, तर शिरेतून द्यायच्या अँफोटेरिसिन या जोरदार बुरशीनाशकाची गरज असलेला रुग्ण नुसत्या फ्लुकोनाझोल या सौम्य बुरशीनाशकाच्या गोळ्यांवर राहण्याचा धोका असतो.

निगेटिव्हचे म्हणाल तर ही पट्टी फक्त क्रिप्टोकॉकस ओळखते. २०१२ साली अमेरिकेत दूषित स्टेरॉइड इंजेक्शनांतून पसरलेल्या मेंदूज्वरामागे एक्सेरोहायलम ही वेगळीच बुरशी होती. आपल्याकडचा क्षयाचा मेंदूज्वरही या पट्टीवर दिसत नाही. सही करण्यापूर्वी डॉक्टरांना काही विचारायचेच असेल, तर पाणी काढताना दाब मोजणार आहात का, हे विचारावे.