प्लॅटिनम, बटर पेपर आणि आषाढ

पुण्यात प्लॅटिनम प्रिंट, म्हणजे प्लॅटिनम धातूने कागदावर उमटवलेला फोटो, करण्याजोगी हवा वर्षातून जेमतेम दोनदा येते, आणि दोन्ही वेळा आमच्याकडे पाहुणे असतात. या कामाला साधारण ५० ते ६० टक्के आर्द्रता लागते. वैशाखात कागद कडकडीत वाळतो आणि फोटो रवाळ, निस्तेज उठतो. आषाढात तोच कागद सादळून निगेटिव्हला चिकटतो. विल्यम विलिस या इंग्रज गृहस्थाने १८७३ मध्ये या पद्धतीचं पेटंट घेतलं. पुढे तयार कागद पत्र्याच्या डब्यांतून, ओल शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराईडसकट मिळू लागला. माझ्या नशिबी बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या. त्याही बायको लोखंडी अवजारांच्या पेटीत टाकते. म्हणते, निदान पकड तरी गंजायची नाही.

पद्धत सांगायला सोपी आहे. फेरिक ऑक्झलेट हा लोखंडाचा क्षार आणि प्लॅटिनमचा क्षार सारखे घेऊन कागदावर फासायचे. वर फोटोच्याच मापाची निगेटिव्ह ठेवून उन्हात धरायचं. अतिनील किरणांनी लोखंडाचं रूप बदलतं आणि डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या द्रावणात, ते लोखंड क्षारातलं प्लॅटिनम मोकळं करतं. प्लॅटिनम गंजत नाही, काळवंडत नाही. असा फोटो कागदाच्या आयुष्याइतका टिकतो म्हणतात. म्हणजे धातूची काही तक्रारच नाही. सगळा त्रास कागदाचा.

शहाणी माणसं जाड सुती कागद वापरतात. मला हवा होता व्हेलम. लग्नपत्रिकेवर असतो तो, आर्किटेक्टची पोरं ज्याला बटर पेपर म्हणतात त्या कुळातला अर्धपारदर्शक कागद. त्याच्या मागे सोन्याचा वर्ख लावला की फोटोतल्या उजेडाला आतून झळाळी येते.

बायको म्हणाली, "अहो, पुढे प्लॅटिनम, मागे सोनं. मध्ये कोण?"

मध्ये सोसायटीच्या मागचं शेवग्याचं झाड. यावर ती काही बोलली नाही. दागिन्यांचा विषय मात्र त्या दिवसापासून घरात मोकळेपणाने निघू लागला.

हे काम काळोखात करावं लागत नाही, मंद पिवळा बल्ब पुरतो. पण तो मिळायला हवा ना! दुकानदार माझ्याकडे दयेने बघत म्हणाला, "काका, आता एलईडी घ्या. वीज वाचेल." एका बाटलीत प्लॅटिनम बाळगणाऱ्या माणसाला वीजबचतीचा सल्ला!

४ बाय ५ इंचाच्या फोटोला लोखंडाचे ६ थेंब आणि धातूचे ६ थेंब, असा ढोबळ हिशेब. व्हेलम पीत नाही, म्हणून त्याला त्याहूनही कमी. चौथ्या थेंबाला दारावरची बेल वाजते. गॅस सिलिंडर आलेला असतो. तो ओटीपी विचारतो, मी "चार" म्हणतो.

मग ब्रश. नव्या जावयाच्या पाठीवरून हात फिरवावा इतक्याच जोराने तो फिरवायचा. जास्त घासलं की कागदाची साल निघते. आणि ओल लागताच हा कागद फुगतो. डोंगर कोरडे राहतात, दऱ्यांमध्ये प्लॅटिनम साचतं, आणि आपण ब्रश हातात धरून महागाईकडे बघत बसतो. पहिल्या महायुद्धात प्लॅटिनमचे भाव असे चढले की हे कागद मिळेनासे झाले. इंग्लंडातल्या कॅथीड्रलांचे अप्रतिम फोटो काढणाऱ्या फ्रेडरिक एव्हान्सने मग फोटोग्राफीच सोडून दिली. हा इतिहास मी एकदा जेवताना सांगितला. तेव्हापासून एव्हान्सचं नाव आमच्या घरी फार आदराने घेतलं जातं.

डेव्हलपरचा मात्र मला लोभ आहे. पोटॅशियम ऑक्झलेट. तो ओतताच चित्र हळूहळू उमटत वगैरे नाही, एका दमात हजर होतं. आणि तो फेकायचा नसतो. गाळायचा, भर घालायची आणि वर्षानुवर्षं वापरायचा. मुरलेला तर आणखी बरा. विषारी असल्यामुळे बरणीवर मी कवटी काढली आहे. त्याखाली बायकोने लिहिलंय, 'यांचं आहे. हात लावू नये.'

शेवटी कागदातलं उरलेलं पिवळट लोखंड काढायला एकामागून एक तीन ट्रे. ते मांडायचे बाथरूममध्ये. नेमक्या त्याच वेळी नाशिकच्या आत्याला आंघोळीला जायचं होतं. "तुझं चालू दे हो," असं म्हणत ती टॉवेल घेऊन दारातच उभी राहिली. पाण्यात व्हेलम बुळबुळीत होतो आणि कडेने वळत जातो, चिमट्यात धरला तर चुरगळतो. तो मी दोन्ही तळव्यांवर तोलून, श्वास रोखून, आत्याला वळसा घालून बाहेर आणला.

वाळल्यावर वर्ख लावला. शेंगांमधून ऊन खरंच झिरपत होतं. आत्याने फोटो खिडकीशी नेऊन खूप वेळ पाहिला.

"प्लॅटिनम म्हणजे चकाकेल असं वाटलं होतं," ती म्हणाली. "पण छान आलाय. लॅमिनेशन करून घे, म्हणजे टिकेल."