चुकीचं उत्तर, ताबडतोब

मुंबईत सल्ला न मागता मिळतो. ‘दादरला उतरायचंय’ एवढं नुसतं पुटपुटा, डब्यातले चौघे कामाला लागतात: मागच्या दाराला जा, पूल तिकडे पडतो, आणि आत्तापासूनच सरका. हीच माणसं एक्सेलच्या ऑनलाइन वर्गाच्या ग्रुपवर आली की मौनव्रत घेतात.

या ग्रुपवर ‘चर्चा घडवून आणण्याची’ जबाबदारी सरांनी माझ्यावर टाकली. का, तर पहिल्या तासाला माझा एकट्याचा कॅमेरा चालू होता. तेव्हापासून मी लोकलमध्ये एका हाताने कडी धरतो आणि दुसऱ्या हाताने ज्ञानयज्ञ चालवतो. कोणीतरी विचारतं, “व्हीलूकअप भलत्याच माणसाचा पगार दाखवतंय, काय करू?” (व्हीलूकअप म्हणजे यादीत नाव शोधून त्याच्यासमोरची नोंद आणून देणारं एक्सेलचं सूत्र.) सगळे वाचतात. मग एक अंगठा उमटतो. प्रश्नाला अंगठा! तासाभराने दुसरा आवाज: “कालचं रेकॉर्डिंग मिळेल का?”

वेबसाइट लोक कशा वापरतात याचे अभ्यासक याकोब नीलसन यांनी 2006 सालीच लिहून ठेवलंय की अशा ठिकाणी 100 पैकी 90 जण नुसतं वाचतात, 9 अधूनमधून बोलतात आणि 1 जण सारखा लिहीत असतो. आमच्याकडचा तो एक मी. ते 9 बहुधा रजेवर आहेत.

बरं, लोकांना येत नाही म्हणावं तर तसंही नाही. डोंबिवलीच्या एका काकूंचा मला खासगीत मेसेज: “सूत्रात चौथ्या जागी फॉल्स लिहायला सांगा त्यांना. जागा मोकळी सोडली की एक्सेल अंदाजाने उचलतं.” म्हटलं, “काकू, ग्रुपवरच टाका ना!” “नको हो, उगाच शहाणपणा करतेय असं वाटायचं.”

पहिला विकी, म्हणजे वाचणाऱ्यांनाच लिहिता-सुधारता येणारी वेबसाइट, 1995 साली सुरू करणाऱ्या वॉर्ड कनिंगहॅम यांच्या नावावर एक नियम फिरतो: बरोबर उत्तर हवं असेल तर प्रश्न विचारू नका, चुकीचं उत्तर टाका. (नियम आपला नव्हेच, असं ते स्वतः म्हणतात. म्हणजे तेही कोणीतरी चुकीचंच टाकलेलं.)

मी बिनधास्त ठोकून दिलं: “चौथी जागा मोकळीच ठेवा. एक्सेल समजूतदार आहे.”

मुलुंड गेलं नाही तोच फोन थरथरायला लागला. एकाने लाल गोल काढून स्क्रीनशॉट पाठवला. दुसऱ्याने सांगितलं, जागा मोकळी ठेवायची तर पहिला रकाना चढत्या क्रमाने लावलेला हवा. तिसरा म्हणाला, व्हीलूकअप सोडा, त्याचा नवा अवतार एक्सलूकअप शिका. त्यावर ऑफिसात जुनं एक्सेल असलेले चिडले, त्यांच्याकडे ते नाहीच. आणि काकू? “ग्रुपवर चुकीची माहिती पसरवू नये,” अशी सुरुवात करून त्यांनी असं काही समजावलं की सरांनीही दाद दिली.

आता ग्रुप ओसंडून वाहतोय. हाल माझे आहेत. पटेल असं चुकीचं उत्तर रचायला आधी बरोबर उत्तर यावं लागतं, म्हणून रात्री जागून अभ्यास करतो. फारच चुकलं तर लोक नुसते हसतात, थोडंच चुकलं तर कोणाच्या लक्षातच येत नाही.

परवा काकूंनी खासगीत एक लिंक पाठवली. “मनाला लावून घेऊ नका. लहान मुलांसाठी आहे, पण अगदी पहिल्यापासून शिकवलंय.”