ओलं-मळकं बोचकं म्हणजे दान नव्हे

परवा आत्याने घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला आणि खाली लिहिलं, ‘बरं झालं कळलं, आता कपाट रिकामं करते.’ मेसेज असा: जुने कपडे धुवायची, निवडायची गरज नाही, फाटकं-ओलं कसंही द्या, यंत्र सगळं वेगळं करतं, प्रत्येक कपड्याचा पुन्हा नवा कपडा होतो, उरेल ते कुंडीत पुरा, कुठल्याही कापडाचं खत होतं, तेव्हा नवे कपडे घेताना संकोच नको. आठवड्यात हा मला चौथ्यांदा आला. आत्याचं बोचकं बांधून व्हायच्या आत लिहितेय.

सगळ्यात घातक मुद्दा पहिलाच. दानात आलेले कपडे निवडायला मी जाते. तिथे यंत्र नसतं, आम्ही चार-पाच जणी असतो. मागच्या खेपेला एका प्लॅस्टिकच्या पिशवीची गाठ सोडली तर आधी कुबट वास आला. वर इस्त्रीचे सदरे, तळाशी एक दमट टॉवेल. त्याच्यामुळे पार वरच्या सदऱ्याच्या कॉलरपर्यंत बुरशीचे काळे ठिपके चढले होते. दोनदा धुऊनही ते गेले नाहीत. कोणीतरी आनंदाने घातले असते असे सहा सदरे टाकून द्यावे लागले. मला अजून त्याची हळहळ वाटते. कापड ओळखणारी यंत्रं काही ठिकाणी आहेत, नाही असं नाही. पण ती कापड सुती की पॉलिएस्टर एवढं सांगतात, बुरशी काढत नाहीत.

‘प्रत्येक कपड्याचा नवा कपडा’ हे तर धादांत खोटं. वस्तूंच्या पुनर्वापरावर काम करणाऱ्या एलेन मॅकआर्थर फाउंडेशन या संस्थेच्या २०१७ च्या अहवालानुसार जगात कपड्यांसाठी वापरलेल्या मालापैकी १ टक्क्याहूनही कमी माल पुन्हा नव्या कपड्यात येतो. साधारण १२ टक्क्यांची फडकी, गाद्यांचं भरण असलं काही होतं. ७३ टक्के पुरलं किंवा जाळलं जातं. कारण सरळ आहे: कापड पिंजताना तंतू तुटून आखूड होतात, त्यांचं सूत कच्चं निघतं. त्यात सुती, पॉलिएस्टर आणि ताणला जाणारा (इलॅस्टेन) धागा एकत्र विणलेला असला, की ते वेगळं करणं फार अवघड. आणि लेबलवर ‘रिसायकल्ड पॉलिएस्टर’ दिसतं ते बहुतेक प्लॅस्टिकच्या बाटल्यांपासून केलेलं असतं, आपल्या जुन्या कपड्यांपासून नव्हे.

खताच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, तेवढं मान्य करते. निव्वळ सुती कापड बारीक कापून, हवा आणि ओल मिळेल असं ठेवलं तर कुजतं. मी एक जुना सुती कुर्ता तसाच अख्खा पुरून पाहिला. काही महिन्यांनी कापड गेलं होतं, पण शिवणीचा दोरा आणि मानेमागचं लेबल जसंच्या तसं हाताला लागलं, कारण दोन्ही पॉलिएस्टरचे. अख्खा पॉलिएस्टरचा कपडा पुरलात तर कुंडीत प्लॅस्टिकच पुरलंत.

राहिला ‘नवे कपडे घेताना संकोच नको’ हा मुद्दा. जुन्याचं नवं होतच नाही म्हटल्यावर त्याला वरचे आकडे पुरेत.

आत्या, बोचकं सोड. घालण्याजोगे कपडे धुऊन, कडकडीत वाळवून एका पिशवीत भर, आणि चिंध्या वेगळ्या ठेव. दान घेणारे त्या घेतात का ते आधी फोन करून विचार, नाहीतर घरातच फडकी कर. नुसतं बटण तुटलेला तो निळा सदरा देऊ नकोस, रविवारी मी येऊन लावून देते.