पट्टीचं दुसरं टोक

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी सव्वासहाला एक सुविचार पडतो. उगवता सूर्य, सुळक्यावर उभा माणूस, खाली जिद्दीबद्दल दोन ओळी. पाठवणारे काका सज्जन आहेत, म्हणून मी हात जोडल्याचं चित्र टाकते आणि चहा ठेवायला उठते. यंदा जुलैत मात्र खरोखरच जोडायला दुसरा हात नव्हता.

पार्किंगमधल्या ओल्या फरशीवर पाय सटकला. पडताना कुणीही हात टेकतं, तसा मी उजवा टेकला आणि मनगटाशी हाड मोडलं. डॉक्टरांच्या दृष्टीने यात विशेष काहीच नव्हतं. पाळी गेल्यावर बायकांची हाडं विरळ होतात, असं पडलं की बहुतेक वेळा मनगटच जातं, रोज एक तरी येते म्हणाले. हाड ओढून जागेवर बसवलं आणि सहा आठवड्यांचं प्लास्टर घातलं.

एका हाताने काय काय करता येत नाही याची यादी मी देणार नाही, फार लांबेल. फक्त एवढंच सांगते, की नाडीची गाठ ही दोन हातांची गोष्ट आहे. ब्रशवर पेस्ट लावणंसुद्धा. ब्याऐंशी वर्षांच्या सासूबाई रोज सकाळी माझी वेणी घालायच्या, तीही दुसरीतल्या मुलीची घालतात तशी करकचून. आमच्या ह्यांनी पिठलं-भात या विषयात प्रावीण्य मिळवलं. भेटायला आलेल्यांपैकी निम्म्यांनी कॅल्शियमवर व्याख्यान दिलं आणि उरलेल्यांनी त्यांच्या नात्यातल्या कुणाचं तरी हाड कसं वाकडंच जुळलं ते सविस्तर सांगितलं.

याच दिवसांत दोन माणसं लक्षात राहिली. एक आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशी. एरवी आमचं नातं कोथिंबिरीच्या काडीवरून घासाघीस करण्यापुरतं. प्लास्टर बघून त्यांनी "कसं झालं?" एवढंही विचारलं नाही. भाजी मोजली, पिशवीत भरली आणि पिशवीचे बंद गाठ मारून असे मोठे केले, की ते थेट माझ्या डाव्या कोपरात अडकले. हाताचा पंजा मोकळा राहिला. "आता किल्ली काढता येईल," म्हणाल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. दारात उभं राहून पर्समधली किल्ली काढणं ही माझी आठवडाभराची डोकेदुखी होती आणि ती मी घरातसुद्धा कुणाला बोलले नव्हते.

दुसरा पीएमटीचा कंडक्टर. (पीएमपीएमएल म्हणणारा पुणेकर मला अजून भेटायचाय.) गर्दीत उभी होते, डाव्या हाताने दांडा धरलेला, म्हणजे पैसे काढायचे कुणी? मी पर्स पुढे केली, म्हटलं तुम्हीच घ्या. त्याने चेन उघडली आणि आसपासच्या चार जणांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "पन्नासची नोट घेतली बघा ताई. वीसचं तिकीट. हे तीस परत टाकले. मोबाइल आत आहे. चेन लावली." एखादा म्हणेल, यात काय विशेष? ज्याला स्वतःच्या पर्समध्ये दुसऱ्याचा हात जाताना नुसतं बघत उभं राहावं लागलंय, त्याला विचारा. माझा विश्वास त्याने गृहीत धरला नाही, मोजून दिला.

माझं मत असं झालंय, की दयेचे दोन प्रकार आहेत आणि त्यातला एक मला सोसत नाही. "अरेरे, बसा बसा, तुम्ही काही करू नका" हा तो पहिला. त्यात प्रेम असतं, नाही असं नाही, पण संध्याकाळपर्यंत माणसाला आपण सामान आहोत असं वाटायला लागतं. दुसऱ्या प्रकारात समोरचा फक्त तुमची अडचण नेमकी कुठे आहे ते बघतो, तेवढी सोडवतो, बाकीचं काम तुमचं तुमच्याकडे ठेवतो.

आता शाळेचं. मी नववीला गणित शिकवते. दहा दिवसांनी रुजू झाले तेव्हा भूमितीत समांतर रेषा चालू होत्या. फळ्यावर सरळ रेघ मारायला एका हातात मोठी लाकडी पट्टी लागते आणि दुसऱ्यात खडू. मी पट्टी सोडून डाव्या हाताने तशाच दोन रेघा ओढल्या. फळ्याच्या उजव्या टोकाला पोचेपर्यंत त्या एकमेकींना भेटल्या. व्याख्या सांगून झालेली होती: समांतर रेषा एकमेकींना छेदत नाहीत. वर्ग दोन सेकंद गप्प राहिला आणि मग जो हसला, की शेजारच्या वर्गातून बाई डोकावून गेल्या. मीही हसले, पण खरं सांगायचं तर घशाशी आलं होतं. सव्वीस वर्षं माझं फळ्यावरचं अक्षर ही माझी मिजास होती. नवीन शिक्षिकांना माझा फळा बघायला पाठवायचे.

शेवटच्या बाकावरून एक मुलगा उठून आला. न विचारता पट्टी उचलली, फळ्याला लावली आणि दोन्ही टोकं दाबून उभा राहिला. "मारा मॅडम." मी रेघ मारली. त्याने पट्टी वीतभर खाली सरकवली, एक डोळा मिटून अंदाज घेतला. "आता ही." मग छेदिका. संगत कोनांना नावं दिली ती माझ्याच डाव्या हाताने, फुगलेली आणि तिरकी, पण रेघा सुतात होत्या. सुतात म्हणजे शब्दशः. त्याचे वडील फर्निचरचं काम करतात आणि सुट्टीत हा त्यांच्याबरोबर जातो. टेपचं एक टोक वडिलांकडे, दुसरं याच्याकडे.

जागेवर जाताना तो हळूच म्हणाला, "मॅडम, आता तुमचं अक्षर माझ्यासारखं येतंय."

तो चेष्टा करत नव्हता. खूश झाला होता.

इथे मला एक कबुली द्यायची आहे, नाहीतर ही पोस्ट लिहिण्यात अर्थ नाही. जूनमध्ये याच मुलाची वही मी अख्ख्या वर्गासमोर उंच धरली होती आणि "हे काय, कोंबडीचे पाय?" असं विचारलं होतं. वर्ग तेव्हाही हसला होता. माझ्या आवडत्या विनोदांपैकी होता तो, दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या वाट्याला यायचा. गणित बरोबर होतं की चूक, ते आठवत नाही. मी पाहिलंच नसेल.

प्लास्टर निघेपर्यंत रोज तो पट्टी धरायला आला. मी त्याची माफी मागितली का? एकदा मधल्या सुट्टीत थांबवून म्हटलं, की वहीचं मी बोलायला नको होतं. तो "हो" म्हणाला आणि डबा खायला पळाला. "असू दे मॅडम" वगैरे काही म्हणाला नाही. बरं झालं.

मी राहते कर्वेनगरला, म्हणजे जुन्या हिंगणे बुद्रुकला. महर्षी कर्व्यांची गोष्ट इथल्या पोरांना पाठ असते. कोकणातल्या मुरुडहून परीक्षेसाठी साताऱ्याला पायी गेले, शंभरावर मैल, पावसातून, घाट चढून. भाषणांत गोष्ट इथेच थांबते आणि टाळ्या पडतात. पण पुढे काय झालं? साताऱ्याला पोचल्यावर त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही, वयाने लहान दिसतोस म्हणून. एवढी तंगडतोड फुकट! मला नेमका तो परतीचा रस्ता ऐकायचा असतो. पाय सुजलेले, घरी काय सांगायचं याची उजळणी चाललेली. पुढे फर्ग्युसनात गणित शिकवणारे कर्वे, विधवाश्रमासाठी हिंगण्याच्या माळावर रोज चालत येणारे कर्वे, १९५८ साली भारतरत्न झालेले कर्वे, हे सगळं आपल्याला माहीत असतं म्हणून तो परतीचा रस्ता आपण गाळतो. त्या पोराला थोडंच माहीत होतं?

सावित्रीबाईंचंही तसंच. बसने फिजिओथेरपीला जाताना बुधवार पेठेत भिडे वाड्याची जागा लागते. जुनी इमारत आता पाडलीय, स्मारक व्हायचंय. १८४८ साली तिथे मुलींची शाळा भरली. जाता-येता लोक शेण-चिखल फेकायचे म्हणून सावित्रीबाई बरोबर दुसरी साडी ठेवायच्या. आपण धैर्याबद्दल बोलतो, ते आहेच. पण मला रोज सकाळी ती जादाची साडी आठवणीने घेणारी बाई दिसते. आजही फेकतील, हे धरून निघालेली. त्या घाणीतल्या साड्या घरी कोण धूत होतं, हेही माझ्या डोक्यात येतं. बायकांच्या येतंच.

फिजिओथेरपीचं थोडक्यात. दोन्ही तळवे जुळवून कोपरं उचलायची, मग हात उलटे करून पाठीला पाठ लावायची. तिथली मुलगी याला नमस्कार आणि उलटा नमस्कार म्हणायची. घरी तांदळाच्या डब्यात मनगटापर्यंत हात घालून मुठी वळायच्या. पहिल्या आठवड्यात लिंबू पिळलं तर दोन थेंब पडले. दिवाळीत सोऱ्या फिरवायला हे बसले आणि आमच्या चकल्यांना प्रश्नचिन्हाचा आकार आला. काटा मात्र छान सुटला, खुसखुशीत झाल्या, संपल्या.

त्याआधी ऑक्टोबरात पहिल्या सत्राचे पेपर तपासले, उजव्या हाताने. लाल पेन धरलं की वीसेक पेपरांनंतर मनगट थरथरायचं. त्या मुलाचा पेपर बरोबर तेव्हाच हाती आला. अक्षर तेच. सवयीने समासात "अक्षर सुधारा" लिहायला पेन टेकलं, "अ" झाला आणि तो "अ" मला स्वतःलाच ओळखू येईना. सोडून दिलं. या वेळी प्रत्येक पायरी वाचली. एका ठिकाणी व्युत्क्रम कोनाऐवजी संगत कोन लिहिलं होतं, बाकी सिद्धता चोख. एका पानावर त्याने आकृती खोडून पुन्हा काढली होती, आणि रेघा अशा, की पट्टी लावून पाहिल्या तरी सुतात.

पेपर वाटले त्या दिवशी तास संपल्यावर तो टेबलाशी आला. पेपर माझ्यासमोर ठेवला आणि वरच्या कोपऱ्यातल्या आकड्यावर बोट ठेवलं.

"मॅडम, हे एकवीस आहेत का सत्तावीस?"

मी चष्मा वर केला. मलाही कळेना. मग आम्ही दोघांनी पहिल्या पानापासून गुण मोजायला घेतले, तो मोठ्याने आणि मी मनात. सत्तावीस भरले.