वेळेअभावी दोनच मिनिटं

आज आमच्या गुरुजींचा निरोप समारंभ झाला. घरी येऊन दोन चहा झाले तरी डोकं निवेना, म्हणून लिहितोय.

साडेदहाचा कार्यक्रम साडेबाराला सुरू. व्यासपीठावर सतरा खुर्च्या, आणि जो उठेल तो सतराही नावं आदरणीय लावून घेणार. एक पुढारी नावं संपवून म्हणाले, "वेळेअभावी फार बोलत नाही." आणि बोलले पंचवीस मिनिटं! ५६ साल, बेळगावचा सीमालढा, येणारी निवडणूक, सगळं. अहो, ते १७ जानेवारीला हुतात्मा दिनी बोला, १ नोव्हेंबरला काळ्या दिनी बोला, काळी फीत बांधून आम्हीच येतो की ऐकायला. आज एका मास्तराचा दिवस होता. त्या पंचवीस मिनिटांत गुरुजींचं नाव किती वेळा आलं? एकदा. तेही आडनाव चुकवून.

दुसऱ्यानं मोबाईल काढून वाचायला घेतलं, "मॅडम, आपण मेणबत्तीप्रमाणे जळलात..." कुठून तरी उचललेलं, मॅडमचं सर करायचंसुद्धा राहिलं. मांडव हसला. गुरुजीही हसले. मला मात्र रडू यायचं बाकी होतं.

कारण मला भाषण म्हणजे काय ते याच माणसानं शिकवलं. पाचवीत होतो, १ ऑगस्ट, टिळक पुण्यतिथी. काकांनी लिहून दिलेलं घडाघडा म्हणत शेंगांच्या टरफलांपर्यंत आलो आणि गाडी अडकली. "मी टरफलं... मी टरफलं..." पोरं फिदीफिदी. चड्डीचा खिसा मुठीत धरून उभा. गुरुजी शेजारी येऊन उकिडवे बसले आणि हळूच म्हणाले, "पाठ केलेलं सोड. टिळक आपल्या बेळगावात आलते न्हवं? तेवढं सांग." १९१६ साली टिळकांनी होमरूल लीग काढली ती बेळगावात, हे त्यांनीच वर्गात सांगितलेलं. मी तेवढंच बोललो, दोन वाक्यं. टाळ्या पडल्या.

बरं, नावं घेतली नाहीत तर गावात रुसवे होतात, पुढच्या वर्षी वर्गणी अडते. मान्य. पण एकदाच घ्या की, सूत्रसंचालकाला घेऊ द्या! कडोली, येळ्ळूर, उचगावच्या साहित्य संमेलनांत दिवसभर मांडी घालून ऐकणारी माणसं आपली. त्यांच्यापुढं तयारी न करता उभं राहायचं म्हणजे उष्ट्या ताटात वाढल्यासारखं आहे.

मी तयारी केली होती. टरफलांचीच गोष्ट, घड्याळ लावून तीन मिनिटं. बायकोला ऐकवली, मग गोठ्यात म्हशीला. ऐन वेळी पुकारा झाला, "वेळेअभावी माजी विद्यार्थ्यांनी फक्त पुष्पगुच्छ द्यावा." दिला.

गुरुजींच्या हातात माईक आला तेव्हा तीन वाजले होते. पोरं पेंगत होती, बुंदीला मुंग्या लागल्या होत्या. साहेबांसाठी एक वाक्य कन्नडमध्ये बोलले. मग अक्षर दासोहच्या, म्हणजे शाळेत पोरांचं दुपारचं जेवण रांधणाऱ्या मावशींना दारातून आत बोलावलं. मावशी पदराला हात पुशीत आल्या. "पोरांचा भात ह्यांनी एक दिवस करपू दिला नाही. माझे तास करपले असतील." एवढं बोलून शाल सावरत खाली बसले. मावशी तशाच उभ्या, जायचं कुठं ते कळेना त्यांना.

आता राग बराच उतरलाय. लिहिता लिहिता पुढाऱ्यांचीही कीव यायला लागलीय, असूंदे.

निघताना पाया पडलो. गुरुजी म्हणाले, "तू बोलणार होतास म्हणं. काय बोलणार होतास रे?"

"गुरुजी, ते... टरफलं..." आणि पुढं शब्दच फुटेना.