कारणवर हा पुरुषच असे: मातृसत्तेविषयीच्या एका संदेशाला उत्तर

गेले काही आठवडे 'मातृसत्ताक समाजांचे भयाण वास्तव' या शीर्षकाचा एक लांबलचक संदेश मोबाईलवर फिरत आहे. त्यात सहा मुद्दे आहेत: एके काळी साऱ्या जगावर स्त्रियांचेच राज्य होते, मेघालयात आजही बायका राज्य करतात आणि पुरुष गुलाम आहेत, केरळातील नायरांची घराणी बायकांनी मालमत्ता सांभाळल्यामुळे बुडाली, इंडोनेशियातील मिनांगकाबाऊ पुरुष बायकांच्या जाचाने घर सोडून पळतात, चीनमधील मोसुओ स्त्रिया रोज रात्री पुरुष बदलतात आणि तेथील मुलांना बाप ठाऊक नसतो, आणि केनियातील एका गावात पुरुषांना राहूच देत नाहीत. शेवटी, स्त्रीच्या हाती सत्ता देणारा समाज टिकत नाही, असा निष्कर्ष काढला आहे. असले संदेश मी न वाचताच पुसून टाकतो. हा पुसता आला नाही, कारण माझ्या भाचीने वक्तृत्व स्पर्धेसाठी लिहिलेल्या भाषणात तो जवळजवळ जसाच्या तसा उतरला होता, आणि पाचवा मुद्दा तर तिने मला हसत हसत वाचून दाखवला.

म्हणून पाचव्यापासूनच सुरुवात करतो. युनान आणि सिचुआन या प्रांतांच्या सीमेवर लुगू नावाचे सरोवर आहे. त्याच्या परिसरात राहणाऱ्या मोसुओ लोकांची संख्या सुमारे ४०,००० आहे. त्यांच्या जुन्या पद्धतीत स्त्री आणि पुरुष दोघेही जन्मभर आपापल्या आईच्या घरी राहतात. पुरुष रात्री प्रेयसीच्या घरी जातो आणि सकाळी आईच्या घरी परत येतो. जोडीदार निवडण्याची आणि संबंध संपवण्याची मोकळीक दोघांनाही असते, एवढे खरे आहे. परंतु यांतील कितीतरी संबंध वर्षानुवर्षे आणि काही तर आयुष्यभर टिकतात, आणि बाप कोण हे बहुधा सर्वांना माहीत असते. फरक इतकाच की मुलांना वाढवण्याचा भार त्याच्यावर नसून मुलांच्या आईवर, आजीवर आणि मामांवर असतो, तर तो स्वतः आपल्या बहिणीची मुले वाढवीत असतो. ज्या मुलांना पोरकी म्हणून दाखवले आहे, त्यांच्या घरात त्यांना वाढवणारी मोठी माणसे आपल्या चौकोनी कुटुंबातल्यापेक्षा अधिक असतात. भाचीला मी एवढेच म्हणालो की आपण मोसुओ असतो, तर तुझ्या अभ्यासाची आणि पोटापाण्याची काळजी तुझ्या बाबांनी नव्हे, मी वाहिली असती. त्यावर तिचे हसणे थांबले.

मग 'रोज रात्री नवा पुरुष' हे आले कोठून? गेल्या शतकाच्या अखेरीस लुगू सरोवराकाठी पर्यटन वाढले आणि व्यावसायिकांनी हा प्रदेश 'कन्यांचे राज्य' म्हणून विकायला काढला. बाहेरून आणलेल्या स्त्रियांना मोसुओ पोशाख घालून वेश्याव्यवसाय चालवल्याच्या नोंदी अभ्यासकांनी करून ठेवल्या आहेत. गिऱ्हाईक ओढण्यासाठी पसरवलेली बदनामी मानववंशशास्त्र म्हणून पुढे पाठवली जाते आणि एक शाळकरी मुलगी ती व्यासपीठावरून सांगायला निघते, याचा मला खरा संताप आहे. शिवाय हा समाज टिकला नाही म्हणावे, तर सांस्कृतिक क्रांतीच्या काळात सरकारने मोसुओंना लग्न करून एका घरात राहण्याची सक्ती केली होती, आणि ती सैल होताच अनेक जोडपी आपापल्या आईच्या घरी परतली. मोसुओंपैकी काही गावे मातृवंशीय, म्हणजे वंश आईकडून मोजणारी, आहेत आणि काही पितृवंशीय. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात या दोन्हींतील लोकांचे आरोग्य तपासले, तेव्हा शरीरातील दीर्घकालीन दाह आणि उच्च रक्तदाब या बाबतींत पितृवंशीय गावांत स्त्रियांची स्थिती पुरुषांहून वाईट, तर मातृवंशीय गावांत नेमकी उलट आढळली.

तिसरा मुद्दा अज्ञानाचा आहे, त्यामुळे त्यावर राग कमी आणि वेळ थोडा खर्च करतो. नायरांच्या मरुमक्कत्तायम पद्धतीत वंश आईकडून चाले आणि मालमत्ता तरवाड या एकत्र घराण्याची असे. परंतु तरवाडाचा कारभार पाहणारा कारणवर हा घराण्यातील ज्येष्ठ पुरुष असे, म्हणजे बहुधा घरातील स्त्रियांचा भाऊ किंवा मामा. तो मालमत्ता आपल्या बायकोमुलांकडे वळवतो, ही भाच्यांची जुनी तक्रार होती, आणि इंग्रजी शिक्षण घेतलेल्या तरुण नायर पुरुषांनीच वाटणीचा आग्रह धरला. १८९६ चा मलबार विवाह कायदा, त्रावणकोरमध्ये वाटणीला वाट मोकळी करणारा १९२५ चा कायदा, मद्रास प्रांताचा १९३३ चा कायदा आणि अखेरीस एकत्र कुटुंबपद्धतीच मोडीत काढणारा केरळचा १९७५ चा कायदा, अशा टप्प्यांनी ती व्यवस्था संपली. ज्यांच्या हाती किल्ल्या नव्हत्या, त्यांनीच तिजोरी बुडवली असे म्हणण्यासारखे हे आहे.

संदेशातील सगळा गोंधळ एका शब्दापासून सुरू होतो. वंश कोणाकडून मोजायचा, लग्नानंतर कोणाच्या घरी राहायचे आणि निर्णय कोणी घ्यायचा, हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि संदेशकर्त्याने ते 'मातृसत्ता' या एकाच गाठोड्यात बांधले आहेत. डेव्हिड श्नायडर आणि कॅथलीन गफ या मानववंशशास्त्रज्ञांनी १९६१ साली मातृवंशीय नातेव्यवस्थांवरचा एक मोठा ग्रंथ संपादित केला. गफ यांनी त्याआधी नायरांमध्ये प्रत्यक्ष राहून काम केले होते. श्नायडर यांनी त्यात मांडलेले सूत्र असे की मातृवंशीय गटात नाते स्त्रियांच्या द्वारे जोडले जाते, पण अधिकार सामान्यतः त्याच गटातील पुरुषांकडे, म्हणजे भावाकडे आणि मामाकडे असतो. हे सूत्र सर्वत्र सारखे लागू पडत नाही आणि त्यावर पुढे टीकाही झाली आहे. तरीही, नवनाथांच्या कथेत मच्छिंद्रनाथ ज्या स्त्रीराज्यात अडकतात, तसले राज्य शोधत जगभर हिंडणाऱ्याने निदान एवढे तरी वाचायला हवे होते.

मेघालयाच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. खासी समाजात मुले आईच्या कुळाची असतात, वडिलोपार्जित घर धाकट्या मुलीकडे, म्हणजे खाद्दुहकडे जाते आणि तिचा नवरा बहुधा तिच्या माहेरी राहायला येतो. यात आपल्याला स्थान नाही असे काही खासी पुरुषांना खरोखरच वाटते. वंश पित्याकडून मोजला जावा म्हणून १९९० साली त्यांनी संघटनाही स्थापन केली. पण गुलाम? धाकटी मुलगी त्या मालमत्तेची मुख्यतः राखणदार असते, आणि तिच्या मोठ्या व्यवहारांत मामाचा शब्द चालतो. गावाच्या पारंपरिक दरबारात स्त्रियांना स्थान नव्हते. २०२३ च्या निवडणुकीत मेघालयाच्या ६० सदस्यांच्या विधानसभेत ३ स्त्रिया निवडून आल्या. ज्या राज्यात पुरुष गुलाम आहेत, तेथील हे चित्र आहे.

उरलेल्यांपैकी मिनांगकाबाऊ पुरुष घर सोडतात हे खरे आहे, पण ते पळून जात नाहीत. व्यापारासाठी आणि शिक्षणासाठी परमुलखात जाणे ही त्यांच्याकडे तरुणाची रीतच आहे. इंडोनेशियाचे पहिले उपराष्ट्राध्यक्ष मोहम्मद हट्टा याच समाजातले. जमीन आणि घर आईकडून मुलीकडे जात असले तरी कुळाचा प्रमुख पुरुष असतो. केनियातील उमोजा हे गाव १९९० साली अत्याचारातून निसटलेल्या संबुरू स्त्रियांनी वसवले. संबुरू समाज पितृसत्ताक आहे आणि उमोजा हा त्यातून मिळवलेला आसरा आहे. तो मातृसत्तेचा नमुना ठरवण्यासाठी फारच धाडस लागते.

पहिल्या मुद्द्याचे मूळ १८६१ मध्ये आहे, जेव्हा योहान बाखोफेन या स्विस कायदेपंडिताने मुख्यतः ग्रीक-रोमन पुराणकथा वाचून आदिम मातृसत्तेचा सिद्धांत मांडला. उत्खननाने तो सिद्ध केलेला नाही. इंग्लंडमधील डॉर्सेट येथील लोहयुगीन दफनांच्या डीएनए तपासणीत मात्र बहुतेक लोक एकाच मातृवंशाचे निघाले, म्हणजे तेथे पुरुष लग्नानंतर स्त्रीच्या गावी येत असावेत. हे संशोधन २०२५ साली प्रसिद्ध झाले. त्यावरून घर कोणाचे होते ते कळते, राज्य कोणाचे होते ते कळत नाही.

स्त्रियांच्या हाती खरा राजकीय अधिकार असल्याचे ज्या समाजात स्पष्ट दिसते, त्याचे नावही या संदेशात नाही. उत्तर अमेरिकेतील हौडेनोसौनी, म्हणजे इरोक्वा संघातील जमातींत, सरदार पुरुष असतो, पण त्याला निवडते कुळमाता. त्याने कर्तव्यात कसूर केली, तर ती त्याला ताकीद देते, आणि तरीही तो सुधारला नाही, तर त्याच्या शिरस्त्राणावरची हरणाची शिंगे, जी त्याच्या पदाची खूण असतात, काढून घेते.