पाऊणकी, पाग आणि बॅटरी धरणारा मी

राजापूर म्हटलं की बाहेरच्या लोकांना एक तर गंगा आठवते नायतर पावसात टीव्हीवर दिसणारा, पाण्यात बुडालेला जवाहर चौक. मला राजापूर म्हटलं की बॅटरी आठवते. म्हणजे टॉर्च. तीन सेलवाली, धरून धरून मनगट आखडलेलं, आणि कानाशी काकाचा आवाज, "इकडे मार, इकडे! चंद्राकडे काय मारतोस मेल्या, तो आधीच पेटलेलाय!"

आमच्या घरात मासे पकडायला जायचं म्हणजे सरकारी खातं होतं, प्रत्येकाची पोस्ट ठरलेली. आप्पा म्हणजे आजोबा पाग, म्हणजे फेकायचं गोल जाळं, टाकायचे, काका ओरडायचा, बाबा बादली धरून "पुरे आता" म्हणायचे आणि सगळ्यात धाकट्याकडे बॅटरी. प्रमोशन कधी मिळणार असं मी एकदा विचारलं तर काका म्हणाला तुझ्यानंतर कोणी जन्मलं की. कोणी जन्मलंच नाही. आईबाबांनी माझ्या करिअरचा हा अँगल लक्षातच घेतला नाही.

निघतानाच अर्धी परीक्षा असायची, कारण जाणाऱ्याला "कुठे?" विचारायचं नाही. विचारलं की मासा मिळत नाही, संपलं. आता चार माणसं हातात पाग, गळ, बादली घेऊन लुंगी खोचून चाललीयत, ती काय लग्नाला चाललीयत? पण शेजारच्या काकू गेटावर उभ्याच, आणि हमखास, "काय हो, कुठे?" की लगेच सगळे मागे फिरणार, घरात येऊन घोटभर पाणी पिणार, पाच मिनिटं टेकणार आणि परत निघणार, तोपर्यंत काकू आत गेलेल्या असल्या तर ठीक, नायतर परत पाणी. एकदा इतकं पाणी प्यायलं गेलं की भरती आमच्या घरातच आली असं बाबा म्हणाले आणि त्यांना त्या दिवशी न्यायचं नाही असं ठरलं.

भरतीवरून आठवलं. आमच्या वर्गातल्या पोरांना पाढे पाठ करायला मास्तर मारायचे, मला घरचे मारायचे, आणि तेही पाऊणकीसाठी, म्हणजे पाऊणच्या पाढ्यासाठी. कारण भरतीचा हिशोब सरळ, तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ आली. चतुर्थीला चोक पाऊण तीन, म्हणजे तीनला पाणी भरणार आणि नऊच्या सुमाराला ओहोटी पुरी. अष्टमीला आठ पाऊण सहा. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. हे दुपारीही लागू आणि मध्यरात्रीही. आप्पा झोपेतून उठवून विचारायचे, "एकादशी! सांग!" आणि अकरा पाऊण सव्वाआठ हे तोंडातून येईपर्यंत पांघरूण परत मिळायचं नाही. शाळेत याचा काडीचा उपयोग झाला नाही. पेपरात तिथी नसायचीच.

गरवणं, म्हणजे गळाने मासे पकडणं, हा त्यातल्या त्यात सुखाचा प्रकार, म्हणजे बसून ओरडा खाता यायचा. नदीला गांडुळं, खाडीला कोळंबी. गांडुळं मोरीच्या मागून मीच खणायची, नारळाच्या करवंटीत मातीसकट भरायची. तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, हातात धरून दगडावर बसायचं आणि मासा ओढतो की खडकात अडकलाय ते बोटाला कळलं पाहिजे म्हणे. माझ्या बोटाला फक्त डास कळायचे. बाकीच्यांना पालू मिळायची, तांबोशी मिळायची, मला केंड. ज्यांना केंड माहीत नाही त्यांनी नशीब काढलंय. वर आला की हा मासा दात खाऊन बघतो, मग पोटात हवा भरून टम्म फुगतो आणि आपल्याकडेच डोळे वटारून पडून राहतो. विषारी, त्यामुळे कोणी खात नाही. जाता जाता तंगूसही तोडून गरी, म्हणजे गळाचा आकडा, घेऊन जातो, आणि गरी गेली की काका केंडापेक्षा जास्त फुगतो.

पाग मात्र आप्पांचाच. कडेला शिशाच्या मण्या, दोरी डाव्या मनगटाला, एक कड दातात, अर्धा पाग खांद्यावर, आणि मग कंबरेतून असा झोका की पाण्यावर जाळं पूर्ण गोल उघडायचं. मण्या एकदम पाण्यात पडतानाचा आवाज ऐकायला मी अजूनही कुठेही जाईन. काकाने टाकला की तोच पाग वाळत घातलेल्या धोतरासारखा पडायचा, मग म्हणायचा बॅटरी हलली. दिवसा टाकला तरी.

पहिल्या पावसाचे चढणीचे मासे हा वेगळाच वेडेपणा. जूनमध्ये ओहोळ वाहायला लागले की नदीतले मासे अंडी घालायला उलटे वर शेतात चढतात आणि अख्खा गाव घमेली, मच्छरदाण्या, हाताला लागेल ते घेऊन त्यांच्या वाटेत उभा. मी शेंगटीला हात लावून काट्याने रात्रभर ठणकत बसायचो. पोटात गाबोळी, म्हणजे अंडी, भरलेले मासे बादल्या भरून आणायचे आणि मार्चमध्ये ओटीवर बसून "हल्ली नदीत मासाच उरला नाय" म्हणून सुपारी कातरायची, हे आमच्याकडचे जाणते लोक.

शिकारीचं विचाराल तर ती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आमच्या जन्माआधीच संपवली होती. घरात उरली एक ठासणीची बंदूक, शेतसंरक्षणाच्या परवान्याची, आणि पणजोबांनी मारलेल्या डुकराची गोष्ट, जे डुक्कर दर गणपतीत चारपाच किलोने वाढायचं. खरी डुकरं रात्री येऊन नाचणी लोळवून जात आणि बंदूक भिंतीवर शांत. ती बाहेर पडायची फक्त आचारसंहिता लागली की, पोलीस स्टेशनात जमा करायला. काका स्कूटरवर, मागे मी, मांडीवर चादरीत गुंडाळलेली बंदूक. बाजारात कोणीतरी विचारायचंच, "काय रे, डुक्कर?" काका न थांबता ओरडायचा, "नाय, झेडपी!"

पण सगळ्यात मोठा प्रसंग भावोजींचा. मुंबईचे भावोजी आले, त्यांना खाडीच्या कुर्ल्या, म्हणजे खेकडे, खायच्या होत्या, आणि दिवस कुठला तर संकष्टी. वर बुधवार, म्हणजे दुसऱ्या दिवशी गुरुवार, आमच्याकडे दत्ताचा वार. आजी म्हणाली, अहो पौर्णिमा आत्ता झाली, कुर्ल्या पोकळ असणार, अमावास्येला या की. पण पाऊणकी काकाच्या बाजूने होती, ओहोटी नऊला. सातला निघालो, चिखलात गुडघाभर रुतून काकाने बिळात लोखंडी आकडी घालून घालून सहा कुर्ल्या काढल्या, नांग्या सुंभाने बांधल्या आणि भावोजींना सांगितलं की माझी गाठ सुटली तर नाव बदलेन.

परत आलो तर आजी मोदक घेऊन अंगणात, चंद्र अजून ढगात. कुर्ल्या बादलीत, बादली मोरीत. अर्ध्या तासाने देवघरासमोर नैवेद्य ठेवून आजी हात जोडते तर समईच्या उजेडात एक काळीहिरवी कुर्ली तिरकी तिरकी येऊन ताटाशी थांबली, दोन्ही डोळे दांडीवर ताठ, तोंडाशी बुडबुडे, एका नांगीतून सुंभ लोंबतंय. भावोजी पाटावर चढले. आजीने डोळे पूर्ण उघडलेही नाहीत, म्हणाली, "हिला सांगा, चंद्र दिसायचाय अजून."

पाच सापडल्या. सहावी शुक्रवारी सिलिंडरमागे मिळाली, तोवर भावोजी गुरुवारच्या रात्रीच्या गाडीने मुंबईला पोचले होते, वरणभात खाऊन. कुर्ल्या पोकळच निघाल्या.

आता मी गावी गेलो की मोबाइलवर भरतीचं ॲप दाखवतो, मिनिटासकट वेळ येते. काका चष्मा वर करून बघतो, मनात पाऊणकी करतो आणि म्हणतो, "ठीक आहे रे. पण शेजारची गेटावर आहे का बघ, ते दाखवतं का हे?"